गरिबांची मुले, खासगी शाळा आणि सरकारी पैसा

ह्या व्याख्यानासाठी आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. गरीब घरच्या मुलाने खासगी शाळेत शिकावे आणि त्याची फी सरकारने भरावी, हे योग्य की अयोग्य, असा हा वाद. अमेरिकेत तो गेली पस्तीस वर्षे चालू आहे. त्यावर निवडणुका लढविल्या गेल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, एकाच पक्षातील माणसे एकमेकांविरुद्ध उभी राहिली. वर्तमानपत्रांतून ह्याच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात. परंतु त्या इतक्या तुटक असतात की, एक बाजू गरिबांची कैवारी आणि दुसरी त्यांची वैरी असा काहीतरी ग्रह होऊन बसतो, आणि कोणती बाजू कोणती हे ज्याच्या त्याच्या आवडीवर ठरते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. म्हणून निवाडा करण्यापूर्वी हकीकत नीट मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे. निवाडा मुळीच करणार नाही, असे वचन मात्र देत नाही.

प्रथम तिकडची व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत सरकारी शाळेत बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे, आणि बहुसंख्य मुले त्याच शाळांत जातात. सरकारी शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जी गरिबांची शाळा येते, तशी ती सर्वत्र नसते. डॉक्टर-वकिलांची मुलेही तेथे शिकतात. परंतु ह्या शाळांचा बराच मोठा खर्च त्या त्या ठिकाणच्या घरपट्टीतून निघतो. केंद्र सरकारचा वाटा साधारणतः दशांश. राज्य सरकारे श्रीमंत व गरीब वस्त्यांतील तफावत काही अंशी भरून काढतात, पण पुरती नाही. शिवाय मुलाने कोणत्या शाळेत जावयाचे हे बहुधा त्याचे घर कोठे आहे ह्यावरून ठरते. ह्याचा अर्थ असा की, ऐपतदार माणूस तेथे शाळा निवडतोच. तो ती फी भरून निवडत नाही, तर चांगल्या शाळेच्या हद्दीत घर विकत घेऊन निवडतो. ज्याला घर बदलता येत नाही त्याला शाळाही बदलता येत नाही. हा एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवला म्हणजे पुढचा सारा वाद कळावयास सोपा जातो.

खासगी शाळांची गोष्ट निराळी. आपल्याकडे जो ‘अनुदानित शाळा’ म्हणून प्रकार आहे, म्हणजे संस्था खासगी पण शिक्षकांचे पगार सरकारी, तो तेथे रूढ नाही. खासगी शाळा फीवर आणि देणग्यांवर चालतात, आणि त्यांत धर्मसंस्थांच्या शाळांचा, विशेषतः कॅथॉलिक शाळांचा, भरणा मोठा आहे. आता सरकारने अशी योजना काढली की, पालकाच्या हाती ठराविक रकमेची एक चिठ्ठी द्यावी, पालकाने ती आपल्या पसंतीच्या शाळेत द्यावी, आणि शाळेने ती सरकारी खजिन्यात वटवावी. तिकडे ह्या चिठ्ठीला ‘व्हाउचर’ म्हणतात. आपल्या जुन्या पेढीवरच्या भाषेत ही सरळसरळ हुंडी झाली. गंमत अशी की, योजनेचे पुरस्कर्ते ‘व्हाउचर’ हा शब्द सहसा उच्चारीत नाहीत. ते ‘शिष्यवृत्ती’ म्हणतात. विरोधक ‘शिष्यवृत्ती’ म्हणत नाहीत, ‘व्हाउचर’च म्हणतात. बोलणारा कोणत्या बाजूचा आहे हे त्याच्या पहिल्याच वाक्यात समजते.

ह्या कल्पनेचा उगम बहुतेक जण मिल्टन फ्रीडमन ह्या अर्थशास्त्रज्ञाच्या १९५५ सालच्या एका निबंधात दाखवितात. शिक्षणाचा खर्च सरकारने करावा हे फ्रीडमन ह्यांना मान्य होते. परंतु खर्च करणे निराळे आणि शाळा चालविणे निराळे, असे त्यांचे म्हणणे. पैसा पालकाकडे द्या, शाळांना आपापसांत चढाओढ करू द्या, चांगल्या टिकतील. कागदावर हा युक्तिवाद फार स्वच्छ दिसतो. पण तो प्रसिद्ध झाला त्याच सुमारास दक्षिणेकडील राज्यांत ह्याच हत्याराचा अगदी वेगळा उपयोग होऊ लागला होता. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाविरुद्ध ठरविले. व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड नावाच्या परगण्याने ह्यावर तोड काढली ती अशी : १९५९ साली तेथील सर्व सरकारी शाळाच बंद करून टाकल्या. गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाली, आणि तिची फी भरण्यास सरकारी मदत मिळू लागली. कृष्णवर्णीय मुलांना शाळाच उरली नाही. काहींना आईबापांनी दूरच्या नातेवाइकांकडे धाडले, कित्येकांचे शिक्षण कायमचे तुटले. पाच वर्षे हे चालले. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर शाळा पुन्हा उघडल्या. पालकाला सरकारी पैसा देऊन खासगी शाळा निवडू द्यावी, ही भाषा ऐकताच अमेरिकेतील जुन्या नागरी हक्क चळवळीतील माणसे का दचकतात, ह्याचे कारण येथे आहे.

तथापि ही कल्पना केवळ उजव्या मंडळींचीच होती असे समजणे चुकीचे होईल. १९७० च्या सुमारास ख्रिस्तोफर जेंक्स ह्या डाव्या विचाराच्या समाजशास्त्रज्ञाने सरकारच्या दारिद्र्यनिवारण खात्यासाठी ह्याच स्वरूपाची योजना आखली होती. तीत गरीब मुलाची हुंडी अधिक रकमेची होती, हेतू हा की शाळांनीच गरीब मुलांच्या मागे लागावे. कॅलिफोर्नियातील अॅलम रॉक येथे १९७२ साली प्रयोग झाला, पण त्यात केवळ सरकारी शाळाच उतरल्या आणि मूळ कल्पनेची परीक्षा काही झाली नाही. म्हणजे एकाच पोराचे दोन बाप, आणि दोघांचेही तोंड परस्परविरुद्ध दिशांना.

खरा आरंभ झाला तो मिलवॉकी शहरात, १९९० साली. आणि तो करणारी व्यक्ती कोण, तर पॉली विल्यम्स नावाच्या एक कृष्णवर्णीय आमदार बाई. पक्ष डेमोक्रॅटिक, जेसी जॅक्सन ह्यांच्या अध्यक्षपदाच्या मोहिमेचे विस्कॉन्सिन राज्यातील काम ह्यांनीच सांभाळलेले. भांडवलवादाची किंवा चढाओढीच्या तत्त्वाची त्यांना मातबरी नव्हती. त्यांचा राग निराळाच होता. गोरी व काळी मुले एकत्र यावीत म्हणून त्या शहरात मुलांना बसमधून लांबलांबच्या शाळांत नेत असत. पण बसमध्ये बसून सकाळी अंधारात निघावयाचे ते बहुतांशी कृष्णवर्णीय मुलांनी. एवढे करून शिक्षण सुधारले म्हणावे तर तसेही नाही. वस्तीत लोकांनी पदरमोड करून चालविलेल्या लहान लहान शाळा होत्या. तेथे मुले शिकत होती, पण फी भरण्याची ताकद पालकांत नव्हती. विल्यम्सबाईंनी रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन ह्यांच्याशी हातमिळवणी केली आणि कायदा संमत करून घेतला.

तो पहिला कायदा वाचण्यासारखा आहे, कारण त्याच्या अटींतच त्याचा हेतू दिसतो. लाभ केवळ गरिबांना : दारिद्र्यरेषेच्या पावणेदोन पटीहून अधिक उत्पन्न असता कामा नये. शहरातील सरकारी शाळांच्या पटाच्या एक टक्क्याहून अधिक मुले घ्यावयाची नाहीत. धार्मिक शाळांना प्रवेश नाही. सरकार देईल त्या रकमेपलीकडे पालकाकडून शाळेने फी मागावयाची नाही. आणि अर्ज जास्त आले तर निवड चिठ्ठ्या टाकून. हुशार मूल वेचून घेण्याची मुभा नाही. पहिल्या वर्षी सात शाळा आणि सुमारे ३४० मुले, दर मुलामागे अडीच हजार डॉलरांच्या आसपास. एवढ्याशा योजनेविरुद्ध शिक्षकांच्या संघटना कोर्टात गेल्या, राज्याचे शिक्षणप्रमुखही विरोधात होते; १९९२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. पुढे १९९५ साली धार्मिक शाळांनाही दार उघडले, १९९८ साली त्यालाही त्याच न्यायालयाची मान्यता मिळाली, आणि शेकड्यांनी मोजावयाची मुले हजारांनी मोजण्याची वेळ आली.

धर्माचा प्रश्न मात्र देशाच्या पातळीवर सुटावयाचा होता. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे सरकारने कोणत्याही धर्माची प्रतिष्ठापना करावयाची नाही. मग करदात्याचा पैसा कॅथॉलिक शाळेत कसा जाऊ द्यावा? क्लीव्हलंड शहराच्या योजनेवरून हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला व २००२ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. बहुमताचा तर्क असा : सरकार शाळेला पैसा देत नाही, पालकाला देते, तो कोठे न्यावयाचा हे पालक ठरवितो, मध्ये एका स्वतंत्र माणसाची इच्छा आली की सरकारने धर्माला मदत केली असे म्हणता येत नाही. आपल्याकडे सरकारी नोकराने आपल्या पगारातून देवळाच्या पेटीत रुपया टाकला म्हणून सरकारने देवळाला वर्गणी दिली असे कोणी म्हणत नाही, तशातलाच हा प्रकार. अल्पमतातील न्यायमूर्ती सूटर ह्यांनी उलट विचारले की, योजनेतील शंभरांपैकी छप्पन्नव नव्हे, चांगली शहाण्णव मुले धार्मिक शाळांत जात असतील, तर ह्याला निवड म्हणावयाचे कसे? हुंडी जास्तीत जास्त सव्वादोन हजार डॉलरांची; एवढ्या पैशांत दुसरी कोणती शाळा दारात उभे करणार? आम्हांला ह्या आक्षेपात वजन दिसते. निवडीचे स्वातंत्र्य कागदावर किती आहे ह्यापेक्षा हुंडीवरचा आकडा कोणकोणती दारे उघडतो, हेच पाहावे लागते. असो. २०२० व २०२२ साली ह्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, राज्याने खासगी शाळांना मदत द्यावयाची ठरविली तर धार्मिक शाळा आहे एवढ्याच कारणास्तव तिला वगळता येणार नाही. जी गोष्ट करण्यास सरकारला मनाई आहे की काय असा प्रश्न होता, ती न करण्यासच मनाई झाली!

आता राजधानीकडे वळू, कारण ह्या वादाचे राजकारण जितके उघडे वॉशिंग्टनमध्ये दिसते तितके अन्यत्र दिसत नाही. हे शहर कोणत्याही राज्यात मोडत नाही. काँग्रेसचा (म्हणजे तिकडच्या संसदेचा) त्याच्या कारभारावर अखेरचा अधिकार चालतो, आणि त्याच काँग्रेसमध्ये शहराच्या प्रतिनिधीला अंतिम मतदानात मत नाही. अशा ठिकाणी प्रयोग करणे बाहेरच्या सभासदांना सोयीचे पडते. आपल्या मतदारांना जाब द्यावा लागत नाही. १९९८ साली काँग्रेसने संमत केलेले अशाच योजनेचे विधेयक अध्यक्ष क्लिंटन ह्यांनी नाकारले होते. २००३ साली ते पुन्हा आले तेव्हा कनिष्ठ सभागृहात ते २०९ विरुद्ध २०८ अशा एका मताने पार पडले. शहराचे महापौर अँथनी विल्यम्स स्वतः डेमोक्रॅट, पण त्यांनी योजनेला पाठिंबा दिला. शहराच्या प्रतिनिधी एलेनॉर होम्स नॉर्टन ह्याही डेमोक्रॅट. त्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे, आमच्या मुलांचे काय करावे हे आम्ही ठरवू, तुम्ही कोण? महापौरांचे म्हणणे, मुले आज वर्गात बसली आहेत, ती वाट किती दिवस पाहणार? आम्हांला ह्यांपैकी कोणाचीही बाजू खोटी वाटत नाही.

तडजोड तीन वाट्यांची झाली. शिष्यवृत्त्यांना जितका पैसा, साधारण तितकाच सरकारी शाळांना आणि तितकाच सनदी शाळांना, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांना. शिष्यवृत्ती वर्षाला साडेसात हजार डॉलरांपर्यंत. सरकारी शाळेत दर मुलामागे होणाऱ्या खर्चाहून ही रक्कम पुष्कळच कमी होती. २००४ पासून मुले जाऊ लागली. पुढे सत्ता पालटली. २००९ च्या आरंभी काँग्रेसने नव्या मुलांना शिष्यवृत्ती देण्याचे जवळजवळ थांबविले, आणि त्या वसंतात २१६ कुटुंबांना, आधी मंजूर झाल्याचे कळविलेले असताना, शिक्षणखात्याने ती रद्द झाल्याचे कळविले. हा आकडा एवढ्या मोठ्या देशात काहीच नाही. तरी त्याने जी खळबळ उडाली ती हजारोंच्या आकड्याने उडाली नसती. पालक मुलांना शाळेच्या गणवेषात घेऊन रस्त्यावर आले. नूतन अध्यक्ष ओबामा ह्यांच्या मुली ज्या खासगी शाळेत दाखल झाल्या होत्या त्याच शाळेत ह्या शिष्यवृत्तीवर शिकणारी मुलेही होती, ही गोष्ट विरोधकांनी साहजिकच लावून धरली. ‘स्वतःच्या मुलांना एक न्याय आणि गरिबांच्या मुलांना दुसरा’ ह्या टोमण्याला उत्तर देणे कठीण असते. तो युक्तिवाद नव्हे, पण तो बोचतो. अखेरीस जी मुले योजनेत आहेत त्यांचे शिक्षण पुरे होईपर्यंत मदत चालू ठेवावी, अशी मधली वाट ओबामांनी काढली. आणि २०११ साली अंदाजपत्रकाच्या घासाघाशीत रिपब्लिकन सभापती जॉन बेनर ह्यांनी सारी योजना पुन्हा सुरू करून घेतली.

एवढा गदारोळ झाला, पण मुले शिकली का? सुदैवाने ह्या प्रश्नाची परीक्षा वॉशिंग्टनमध्ये चांगली झाली, कारण निवड सोडतीने होत असे. एरवी खासगी शाळेतील मुले पुढे गेलेली दिसली तर ती शाळेमुळे गेली की घरच्या संस्कारामुळे, हे सांगता येत नाही. परंतु अर्ज करणाऱ्या सर्वांतून केवळ नशिबाने काहींना चिठ्ठी लागली व काहींना लागली नाही, तर दोन्ही गट मुळात सारखेच असणार. पुढे जो फरक पडेल तो योजनेचा. २०१० च्या सरकारी अहवालात असे आढळले की, शिष्यवृत्ती देऊ केलेल्या गटातील ८२ टक्के मुलांनी बारावी पुरी केली, न मिळालेल्या गटातील ७० टक्क्यांनी. शंभरांत बारा मुले ही थोडी नव्हेत. वाचन-गणिताच्या परीक्षांत मात्र निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही. पुढच्या तुकडीच्या २०१७ च्या अहवालात तर पहिल्या वर्षानंतर शिष्यवृत्तीची मुले गणितात मागेच पडलेली निघाली. तिसऱ्या वर्षापर्यंत ती तूट दिसेनाशी झाली. पालकांना एक गोष्ट मात्र सातत्याने जाणवली, ती म्हणजे आपले मूल शाळेत सुरक्षित आहे. पुरस्कर्ते बारावीचा आकडा सांगतात, विरोधक गणिताचा. दोन्ही खरे आहेत.

लुइझियाना राज्यातील अनुभव अधिक कडू आहे. तेथे २०१२ साली योजना राज्यभर नेली, आणि सोडतीने गेलेली मुले गणितात बरीच घसरली. कारण काय असावे? एक तर्क असा की, ज्या खासगी शाळांचा पट घटत चालला होता त्याच प्रामुख्याने योजनेत आल्या. भरलेल्या चांगल्या शाळांना सरकारी अटींची कटकट नको होती. उलट फ्लॉरिडातील अभ्यासात, जवळ खासगी शाळांची चढाओढ असलेल्या सरकारी शाळांत थोडी सुधारणा आढळली. तेव्हा फ्रीडमन अगदीच चुकले असे नाही आणि बरोबर ठरले असेही नाही. ‘खासगी शाळा’ ही काही एक वस्तू नव्हे, हेच ह्यातून दिसते.

मागे राहिलेल्या मुलांचे काय, हा विरोधकांचा सर्वांत जड प्रश्न. समजा, तीस मुलांच्या वर्गातून तीन मुले हुंडी घेऊन गेली. त्यांच्यापोटी मिळणारा पैसाही गेला. पण शिक्षक एकच होता तो एकच राहिला, छप्पर तेवढेच, थंडीत वर्ग तापविण्याचा खर्च तेवढाच. एका वर्गातून दहा-दहा मुले जाऊन वर्गच मिटवावा लागेपर्यंत शाळेचा खर्च कमी होत नाही, उत्पन्न मात्र होते. ह्यावर पुरस्कर्ते म्हणतात, हुंडीची रक्कम दरडोई खर्चाहून कमी असते, म्हणजे उरलेल्यांच्या वाट्याला अधिकच येते. हे गणित सरकारी पैसा शाळेला कोणत्या रीतीने मिळतो ह्यावर अवलंबून आहे. राज्याराज्यांत ते निराळे आहे, आणि म्हणून ह्या मुद्द्यावर दोन्ही पक्ष शपथेवर परस्परविरुद्ध बोलू शकतात. त्याहूनही अवघड बाब अपंग व मतिमंद मुलांची. सरकारी शाळेला त्यांना नाही म्हणता येत नाही. खासगी शाळेला बहुधा येते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा विषय आम्हांला मुद्दाम मांडावासा वाटला ती. पॉली विल्यम्स ह्यांच्या कायद्यातील अटी आठवाव्यात. त्यांतील जवळजवळ प्रत्येक अट पुढे एकेक करून गळून पडली. २०११ साली विस्कॉन्सिनमध्ये उत्पन्नाची मर्यादा वाढवून दारिद्र्यरेषेच्या तिप्पट केली. तत्पूर्वी ती पार काढूनच टाकण्याचा विचार चालला होता तेव्हा विल्यम्सबाई विरोधात उभ्या राहिल्या. गरिबांसाठी काढलेली योजना सुखवस्तूंच्या घशात जाऊ देणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. ज्यांच्याबरोबर त्यांनी वीस वर्षांपूर्वी हातमिळवणी केली होती त्यांना त्यांची गरज आता उरली नव्हती. २०१४ साली त्या वारल्या. २०२२ साली अॅरिझोना राज्याने ही मदत सर्वांना खुली केली, उत्पन्न कितीही असो. पहिल्या अर्जदारांतील बहुतेकांची मुले मुळात सरकारी शाळेत नव्हतीच. म्हणजे जे आधीपासून फी भरीत होते किंवा घरी शिकवीत होते त्यांनाच सरकारी पैसा मिळू लागला. २०२३ साली आयोवा व फ्लॉरिडा त्याच वाटेने गेली. टेक्ससमध्ये २०२३ साली एकवीस रिपब्लिकन आमदारांनी डेमोक्रॅटांबरोबर मत देऊन योजना हाणून पाडली. हे बहुतेक ग्रामीण भागांतले. त्यांच्या गावात खासगी शाळा नाही, सरकारी शाळा हीच गावातली मोठी संस्था, तीच नोकऱ्या देणारी, शुक्रवारी रात्री तिच्याच मैदानावर सारा गाव सामन्याला जमणार. पुढल्या वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांतील अनेकांना घरी बसविण्यात आले आणि २०२५ मध्ये एक अब्ज डॉलरांची तरतूद करून कायदा झाला. लोकांना थेट विचारले की उत्तर बहुधा निराळे येते : २०२४ च्या नोव्हेंबरात केंटकी व नेब्रास्का ह्या दोन्ही रिपब्लिकन राज्यांतील मतदारांनी अशा मदतीच्या विरुद्ध कौल दिला.

गरिबांच्या नावाने दार उघडावे आणि मग ते सर्वांसाठी सताड टाकावे, हे फसवणुकीने झाले असे आम्ही म्हणत नाही. सर्वांना मिळणाऱ्या योजनेला मते जास्त मिळतात, केवळ गरिबांच्या योजनेला वाली नसतो, असा एक अनुभवी विचार त्यामागे आहे. पण त्यामुळे प्रश्नच बदलतो. ज्याच्यापाशी आधीच निवड होती त्याला निवडीसाठी पैसा देणे ह्याला गरिबांची शिष्यवृत्ती म्हणता येणार नाही.

श्रोत्यांच्या मनात एव्हाना आपल्याकडील पंचवीस टक्क्यांची गोष्ट आली असेल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात निदान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या, आणि सरकारने त्यांचा खर्च शाळांना परत करावयाचा. ही अमेरिकेची नक्कल नव्हे. तेथे योजनेत यावे की नाही हे शाळा ठरविते, येथे शाळेला ते बंधनकारक आहे. तेथे शाळेतून बाहेर पडण्याची वाट दिली जाते, येथे रावाचे व रंकाचे मूल एका बाकावर बसावे हा हेतू आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी हे कलम उचलून धरले. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र सूट दिली. सरकार परत करते ती रक्कम सरकारचा दरडोई खर्च आणि शाळेची फी ह्यांत जी कमी असेल ती; महाराष्ट्रात अलीकडे ती वर्षाला १७,६७० रुपये धरली गेली आहे, आणि तीही वेळेवर मिळत नाही ही संस्थाचालकांची तक्रार खोटी नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही. शहरात अशी शाळा बहुधा असतेच, म्हणजे कलम कागदावर राहून व्यवहारातून गेले. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला. महात्मा फुले ह्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात रयतेच्या घामाचा सारा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार होती. सरकारचा पैसा कोणाच्या मुलामागे जावा, हा प्रश्न आपल्याकडे मिलवॉकीहून शंभर वर्षे जुना आहे.

आमच्या ओळखीच्या एक बाई चार घरी स्वयंपाक करतात. त्यांच्या मुलाला सोडतीत एका खासगी शाळेत जागा मिळाली. फी नाही, पण सहलीचे पैसे, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचे पैसे, दोनदा बदललेल्या गणवेषाचे पैसे, हे त्यांनी उसनवारीने भरले. मुलगा बरा शिकतो. घरी येऊन आईला इंग्रजी शब्द सांगतो. यंदा तो सातवीत आहे. वॉशिंग्टनची शिष्यवृत्ती बारावीपर्यंत चालते. आपला कायदा आठवीपर्यंत आहे. नववीच्या वर्षाची फी किती, हे बाईंनी शाळेच्या कचेरीत जाऊन आत्ताच विचारून ठेवले आहे, आणि त्याच मुलाला म्युनिसिपालिटीच्या हायस्कुलात मिळेल का, हेही.